डॉ. रिचर्ड पाझडर यांना, एका घराकडून

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सप्रेम नमस्कार.

तुमची-आमची कधी गाठ पडलेली नाही, आणि तुम्हाला मराठी येत नाही. तरी पत्र मराठीतच लिहिते आहे. न्यू जर्सीत तीस वर्षं काढली, पण आतलं काही सांगायचं झालं की मला हीच भाषा सुचते. शिवाय आमच्या माणसांनाही तुम्ही कोण ते कळायला हवं: अमेरिकेत औषधांना मंजुरी देणारी जी सरकारी संस्था, एफडीए, तिथला कर्करोगाच्या औषधांचा विभाग तुम्ही सांभाळलात.

२०१६ साली ह्यांना लहान आतड्याचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि पुढच्या वर्षी थंडी सरता सरता यकृतात गाठी दिसल्या. हा कर्करोग इतका विरळा, की फक्त त्याच्यासाठी मोठी चाचणी कोण घेणार? तेव्हा ह्यांच्या डॉक्टरांनी गाठीची आणखी एक तपासणी केली. पेशींची वाढ होताना डीएनएत ज्या चुका होतात, त्या दुरुस्त करणारी यंत्रणाच त्या गाठीत बंद पडली होती.

२३ मे २०१७ रोजी एफडीएने पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध नेमक्या अशा गाठींसाठी मंजूर केलं, मग गाठ कुठल्या का अवयवातली असेना. तोवर कर्करोगाची औषधं अवयव पाहून मंजूर होत. पुरावा होता १४९ रुग्णांचा, पंधरा प्रकारच्या कर्करोगांचा. चाळीसेक टक्के लोकांच्या गाठी आकसल्या होत्या. त्या १४९ जणांत लहान आतड्याचे रुग्ण किती? आठ. तो आकडा मी कितीदा वाचला असेन! ह्यांना रांगेत जागा मिळाली ती त्या आठ अनोळखी माणसांच्या मागे, आणि एवढ्या पुराव्यावर दार उघडायची तयारी ज्यांनी दाखवली त्यांच्यामुळे. हे एकट्याचं काम नव्हतं, पण कर्करोग विभागाची सूत्रं तुमच्याकडे होती.

तुम्ही स्वतः आतड्याच्या कर्करोगाचे डॉक्टर. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये अकरा वर्षं रुग्ण पाहिलेत आणि १९९९ मध्ये एफडीएत गेलात. नावाजलेलं रुग्णालय सोडून कुणी सरकारी टेबलाशी जाऊन बसलं की आपल्याकडे लोक हळहळतात. मला आता वाटतं, त्या टेबलाशी रुग्ण पाहिलेलाच माणूस हवा.

कारण तिथे ‘नाही’ही म्हणावं लागतं. स्तनाच्या कर्करोगासाठी अवास्टिन नावाच्या औषधाला २००८ मध्ये मंजुरी मिळाली होती. पुढच्या चाचण्यांत आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. रक्तस्राव आणि वाढलेला रक्तदाब मात्र खरा होता. २०११ च्या सुनावणीत बायका विनवत होत्या, हेच औषध आम्हाला जगवतंय. ते वाचताना माझ्याही घशाशी आवंढा आला होता. तरी मंजुरी काढून घ्यावी ह्या मतावरून तुमचा विभाग मागे हटला नाही, आणि त्या नोव्हेंबरात एफडीएच्या आयुक्तांनी ती काढली. ह्यांना पहिली सलाईन लावली तेव्हा मला भीती वाटली नाही, ती ह्या ‘नाही’मुळे. हे लोक उगाच ‘हो’ म्हणत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

तुमच्या पत्नी मेरी कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका होत्या. अंडाशयाच्या कर्करोगाने २०१५ मध्ये त्या गेल्या. औषधासाठी वाट पाहणं म्हणजे काय, हे त्या आजारपणात घरातूनच कळल्याचं तुम्ही पुढे मोकळेपणानं बोललात. कामातली तातडी वाढली. २०१९ मध्ये एफडीएतल्या तुमच्या कर्करोग विभागाने एक फोनसेवा सुरू केली: मंजुरी न मिळालेलं औषध एखाद्याच रुग्णासाठी मागायचं असेल, तर त्याच्या डॉक्टरला तिथे माणूस भेटतो आणि अर्जाला मदत करतो. आम्हाला तिची गरज पडली नाही. पण रात्री दोन वाजता कॉम्प्युटरपुढे बसून औषध शोधणारी बाई मीही होते, म्हणून त्या फोनचं मोल मला कळतं.

२०२५ च्या डिसेंबरात तुम्ही निवृत्त झालात. बातमी वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले.

हे बरे आहेत. त्या औषधाने थायरॉइड मंदावला, म्हणून सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यावी लागते, एवढंच. गोळीनंतर तासभर चहा मिळत नाही, म्हणून कुरकुरतात. ती कुरकुर मी रोज ऐकते, डॉक्टर.

ह्यांनी आवर्जून नमस्कार सांगितला आहे.

आपली ऋणी,
न्यू जर्सीतली एक मराठी बाई