लेकीस पत्र: एका ओळीचा अर्थ

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

संगणकात टेबलांच्या रूपात साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेचा चाळीस तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करूनही मुलाखतीपूर्वीच्या चाचणीत दोन टेबले जोडणारा साधा जॉइन लिहिताना हात थांबला, असे तू परवा फोनवर सांगितलेस. दूध संस्थेच्या संगणक विभागात मी पंचवीस वर्षे हीच भाषा वापरते आहे आणि माझा हात आजही थांबतो. खरे सांगायचे तर जेव्हा तो थांबला नाही, तेव्हाच घोटाळे झाले.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट आहे. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी निघते, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. संकलनाच्या टेबलात प्रत्येक उत्पादकाची सकाळची एक व संध्याकाळची एक, अशा दहा दिवसांत वीस ओळी पडतात. कपातीच्या टेबलात पशुखाद्य, उचल, औषधोपचार अशा दोन-तीन ओळी असतात. मी ही दोन टेबले उत्पादक क्रमांकावर जोडली आणि लिटर व कपात या दोहोंची बेरीज मागितली. क्वेरी, म्हणजे या भाषेत लिहिलेला तो प्रश्न, क्षणात चालली, कुठेही त्रुटीचा संदेश आला नाही, आणि एका गायीवर घर चालवणाऱ्या एका बाईंच्या नावावर ४८० लिटर दूध लागले. त्यांच्या वीस ओळींपैकी प्रत्येक ओळ तीन कपातींशी जुळून साठ ओळी झाल्या होत्या. त्यामुळे १६० लिटरचे तिप्पट झाले आणि ९०० रुपयांच्या कपातीचे वीसपट, म्हणजे १८,००० रुपये. संकलन केंद्रावरच्या माणसाने यादी पाहून ‘ही गाय आहे की टँकर?’ असे विचारले, म्हणून बिले छापण्यापूर्वी निभावले. त्या माणसाला संगणक चालू करता येत नव्हता.

उपाय अगदी सोपा होता: संकलनाची बेरीज आधी वेगळी करायची, कपातीची वेगळी, म्हणजे दोन्हीकडे उत्पादकामागे एकच ओळ उरते, आणि मग त्या जोडायच्या. पण तो सुचण्यासाठी ‘या टेबलातील एक ओळ म्हणजे काय?’ हा प्रश्न आधी पडावा लागतो. लेफ्ट जॉइन (डावीकडच्या टेबलातील प्रत्येक ओळ राखणारा) आणि इनर जॉइन (फक्त जुळणाऱ्या ओळी राखणारा) यांच्या व्याख्या तुला पाठ आहेत. तुझा हात थांबला तो बहुधा समोरच्या टेबलांतील ओळीचा अर्थ मनात उभा राहिला नव्हता म्हणून. यापुढे कोणतेही नवे टेबल हाती आले की पहिले वाक्य मराठीत, वहीत लिही: एक ओळ म्हणजे एका उत्पादकाचे एका वेळचे दूध. क्वेरीच्या प्रत्येक पायरीनंतर ते वाक्य बदलले का, हे पाहा. ओळींचे गट करणारा ग्रुप बाय लावला की ते बदललेच पाहिजे.

असाच दुसरा खड्डा नलचा, म्हणजे नोंदच नसलेल्या रिकाम्या रकान्याचा. एखाद्या संध्याकाळी फॅट मोजण्याचे यंत्र बिघडले, तर फॅटचा रकाना रिकामा राहतो. ‘फॅट ३.५ पेक्षा कमी’ अशा ओळी मोजल्या, नंतर ‘३.५ किंवा अधिक’ अशा मोजल्या, तर दोहोंची बेरीज एकूण ओळींइतकी भरत नाही, कारण रिकामी ओळ कोणत्याच बाजूला जात नाही. सरासरी काढतानाही ती गुपचूप वगळली जाते. तू संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आहेस. न मिळालेली नोंद आणि शून्य यांतला फरक मी तुला सांगायला नको.

क्वेरी ज्या क्रमाने लिहितो, त्या क्रमाने तिचा अर्थ लागत नाही, हेही लक्षात ठेव. आधी फ्रॉम व जॉइन (कोणती टेबले), मग व्हेअर (कोणत्या ओळी), मग ग्रुप बाय, हॅविंग (कोणते गट), त्यानंतर सिलेक्ट (कोणते रकाने दाखवायचे) आणि शेवटी ऑर्डर बाय (कोणत्या क्रमाने). म्हणूनच सिलेक्टमध्ये रकान्याला दिलेले टोपणनाव पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत व्हेअरला ओळखता येत नाही.

ही भाषा जुनी झाली का, असेही तू विचारले होतेस. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली रिलेशनल रचनेचा, म्हणजे माहिती परस्परांशी जोडता येणाऱ्या टेबलांत मांडण्याचा, निबंध लिहिला, तेथीलच चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ साली ‘सीक्वेल’ मांडली, आणि ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे पुढे ते नाव एसक्यूएल असे आखूड झाले. १९८६ साली तिचे अमेरिकी मानक ठरले. मी शिकलेली कितीतरी साधने अडगळीत गेली, ही टिकली. आता प्रश्न सांगितला की यंत्रच क्वेरी लिहून देते, हे मी पाहिले आहे; पण ते ४८० लिटरची क्वेरीही तितक्याच सहजतेने लिहून देईल.

तेव्हा आणखी अभ्यासक्रम घेऊ नकोस. सोबत एसक्यूलाइटची, म्हणजे सगळी टेबले एकाच फाइलीत ठेवणाऱ्या छोट्या डेटाबेसची, एक फाइल पाठवते आहे. तीत आपल्या घरच्या दुधाच्या तीन वर्षांच्या नोंदी आहेत, दिवसाला दोन, म्हणजे साधारण २,१९० ओळी. काही रकाने रिकामे आहेत, ते भरू नकोस. दुसऱ्या टेबलात पेंडीचा खर्च आहे, महिन्याला एक-दोन ओळींचा. महिन्यागणिक एक लिटरमागे पेंडीला किती रुपये पडले, ते काढ, आणि कोणत्याही एका महिन्याचा हिशोब आधी वहीत हाताने करून ठेव. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर क्वेरी बदलण्यापूर्वी मला फोन कर. रविवारी दुपारी मी घरीच आहे. तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात गाय आटली होती, हे तेवढे ध्यानात असू दे.

तुझी,
आई