महागडे स्विच घेतले, पण पोर्ट उघडेच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ओटीपी देऊ नका, लिंकवर क्लिक करू नका हे पेपरात रोज येतं आणि ते यायलाच हवं, पण ज्या पतसंस्थेत, हॉस्पिटलात, सरकारी ऑफिसात आपली माहिती ठेवलेली असते तिथल्या भिंतीवरच्या नेटवर्क पॉइंटबद्दल (जिथे नेटची केबल लावतात ते सॉकेट) कुणीच बोलत नाही. मी नेटवर्किंगच्या कामात आहे, साइटवर जे बघतो त्याने राहवत नाही म्हणून लिहितोय.

स्विच म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या मशीनच्या नेटवर्क केबल जोडणारं यंत्र. टेंडरमध्ये मॅनेज्ड स्विच मागवतात, ज्यात कोणत्या पोर्टवर काय चालेल ते ठरवता येतं, ते साध्या स्विचपेक्षा बरेच महाग, आणि जादा पैसे ज्या फीचर्ससाठी मोजले तीच चालू केलेली नसतात. रॅकमध्ये स्विच बसला, इंटरनेट चाललं की बिल पास. सगळे पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या जागा, डब्यातून आले तसेच व्हीलॅन १ मध्ये (व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर पाडलेले नेटवर्कचे वेगवेगळे कप्पे). म्हणजे कॅश काउंटरचा पीसी, सीसीटीव्ही, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन आणि पाहुण्यांचं वायफाय सगळं एकाच नेटवर्कात, वेटिंग रूममधल्या पॉइंटला कुणीही लॅपटॉप लावला तर त्यालाही आयपी (नेटवर्कातला पत्ता) मिळतो आणि तो थेट आत.

व्हीलॅन काही नवीन नाही हो, ८०२.१क्यू हे स्टँडर्ड १९९८ चं आहे, त्यात १ ते ४०९४ पर्यंत नंबर वापरता येतात आणि साध्या ऑफिसला पाच-सहा पुरतात. पण नुसते व्हीलॅन करूनही भागत नाही. त्यांच्यामध्ये राउटिंग (एका कप्प्यातून दुसऱ्यात जायची वाट) चालू असेल आणि अ‍ॅक्सेस लिस्ट (कुणाला कुठे जाऊ द्यायचं त्याचे नियम) लावलेली नसेल तर गेस्टवाला अकाउंट्सच्या सर्व्हरपर्यंत आरामात पोचतो. हे अर्धवट काम मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण कागदावर सगळं वेगळं दिसतं.

दुसरं म्हणजे पोर्टवर कोण येतोय ते तपासणं. पोर्ट सिक्युरिटीत एका पोर्टवर किती मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक मशीनच्या नेटवर्क कार्डाचा नंबर) चालतील ते ठरवता येतं, ते करावंच, पण मॅक अ‍ॅड्रेस बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. खरा उपाय ८०२.१एक्स, तोही २००१ पासून आहे. यात मशीनने किंवा माणसाने आधी ओळख पटवायची, ती तपासणारा रेडियस सर्व्हर हो म्हणाला तरच पोर्ट उघडतो, आणि कोणत्या व्हीलॅनमध्ये टाकायचं तेही तोच सांगतो. सर्व्हरला वेगळा खर्च येईल असं सांगतात, पण फ्रीरेडियस हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि विंडोज सर्व्हरमध्ये त्याच कामाचं एनपीएस असतंच. जुने प्रिंटर, कॅमेरे यांना हे जमत नाही, त्यांना मॅक बघून आत घ्यावं लागतं, म्हणून त्यांचा व्हीलॅन वेगळा आणि आवळलेला ठेवायचा.

डीएचसीपी म्हणजे मशीनना आपोआप आयपी वाटायची सोय, तिच्यावर लक्ष ठेवणारं डीएचसीपी स्नूपिंग तर लगेच चालू करावं. कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून उलटा, म्हणजे चुकीच्या पोर्टात केबल घालून, लावतो, तो चुकीचे आयपी वाटत सुटतो, अर्ध्या ऑफिसचं काम बंद पडतं आणि लोक खिडकीसमोर रांगेत उभे राहतात. स्नूपिंग असेल तर फक्त भरवशाच्या पोर्टवरूनच आयपी दिला जातो.

हे सगळं चालू केलं की मशीन जागेवरून हलवल्यावर चालत नाही, मग कटकट होते, अशी आयटीवाल्यांची तक्रार असते आणि ती खोटी नाही. पण बऱ्याच स्विचवर आधी काही आठवडे कुणाला न अडवता फक्त नोंद घेत ठेवता येते, यादी नीट झाली की मग अडवायचं. आत शिरलेला कुठवर जाऊ शकतो ते बघा, अमेरिकेत २०१३ मध्ये टार्गेट या दुकानांच्या साखळीत चोर शिरले ते एसीचं काम बघणाऱ्या कंत्राटदाराच्या लॉगिनवरून, तिथून बिलिंगच्या मशीनपर्यंत गेले आणि सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती नेली. आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

म्हणून मागणी एवढीच आहे की टेंडरमध्ये फक्त स्विचची संख्या आणि पोर्ट न लिहिता व्हीलॅन, ८०२.१एक्स, स्नूपिंग चालू करून दाखवणं ही अट घाला, बिल पास करायच्या आधी अनोळखी लॅपटॉप प्रत्येक मजल्यावर लावून बघा, न वापरलेले पोर्ट बंद करून घ्या, आणि स्विचचा पासवर्ड आणि कॉन्फिगरेशनचा बॅकअप व्हेंडरकडे न ठेवता ऑफिसच्या ताब्यात घ्या.

आपला,
एक नेटवर्क इंजिनिअर, नाशिक