ग्राफ्ट इंचाइंचाने तपासणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर,
सादर नमस्कार.

माझ्या वडिलांच्या पायातील बायपासची, म्हणजे अडलेल्या रक्तवाहिनीला वळसा देण्यासाठी जोडलेल्या शिरेची (हाच ‘ग्राफ्ट’), डॉपलर तपासणी, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणारी तपासणी, आपण केलीत, त्याबद्दल हे आभाराचे पत्र. शस्त्रक्रियेला सात महिने झाले होते, चालताना पोटरी दुखत नव्हती, पावलावरची नाडी हाताला लागत होती. त्यामुळे ही तपासणी म्हणजे निव्वळ औपचारिकता, असे मी, खरे सांगायचे तर थोडा वैतागूनच, धरून चाललो होतो. आधीच्या अहवालात ‘ग्राफ्ट चालू आहे’ एवढीच ओळ होती आणि आम्हीही तेवढ्यावर निर्धास्त होतो.

आपण मात्र जांघेतल्या जोडापासून गुडघ्याखालच्या जोडापर्यंत प्रोब सरकवत, जागोजागी थांबून रक्ताचा वेग मोजलात. गुडघ्याच्या जरा वर पडद्यावरचा एकसारखा लाल पट्टा अचानक रंगीबेरंगी ठिपक्यांनी भरला आणि यंत्राचा आवाज चढला. त्या जागेच्या जरा आधी सेकंदाला ७० सेंटिमीटर असलेला वेग तेथे ३२० भरला. शिरेच्या जुन्या झडपेपाशी आतले अस्तर जाड होत चालले आहे, वेग साडेचार पट वाढला म्हणजे वाट ७० टक्क्यांहून अधिक बुजली असावी, आणि असे अरुंदपण बहुधा पहिल्या वर्षातच उद्भवते, हे आपण जेल पुसता पुसता समजावलेत. ग्राफ्ट एकदा गुठळीने बंद पडला की तो वाचवणे अवघड, ही गोष्ट तोवर आम्हाला कोणी सांगितलीच नव्हती.

‘थेट सीटी अँजिओग्राफीच (रक्तवाहिन्यांचे क्ष-किरणांनी काढलेले चित्र) का करू नये?’ हा माझा प्रश्नही आपण उडवून लावला नाहीत. सीटीत पोटापासून पावलापर्यंतचा नकाशा एका दमात मिळतो, पण त्यासाठी द्यावे लागणारे आयोडीनयुक्त औषध क्रिएटिनिन वाढलेल्या वडिलांच्या मूत्रपिंडांना झेपेलच असे नाही. एमआर अँजिओग्राफीत, म्हणजे चुंबकाच्या साह्याने काढलेल्या चित्रात, शस्त्रक्रियेतल्या धातूच्या क्लिपांजवळचे चित्र पुसले जाऊन नसलेला अडथळाही दिसू शकतो. आणि या दोन्हींत आकार दिसला तरी डॉपलरसारखा वेग असा सहज हाती येत नाही, हे उत्तर मला पटले.

पुढे फुग्याने ती जागा रुंद केली, तेव्हाच काय ते आयोडीनचे थोडे औषध लागले. त्यानंतर आपणच मोजलेला वेग १३० आहे. तो आकडा वडिलांनी फाईलच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहे. तीन महिन्यांनी येताना तीच फाईल घेऊन येऊ.

आपला कृतज्ञ,
एका रुग्णाचा मुलगा