दिनू, ते एक पान त्यांनी छापलंच नाही

प्रिय दिनू,

हे फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो. माझं बीपी गोळीवर ठीक आहे, आईचा गुडघा आहे तसाच.

नगरपालिकेच्या निवडणुकीआधी इथल्या एका पक्षाच्या मंडळींनी मला जाहीरनामा लिहायला बसवलं. माणसं चांगली, आपल्या ओळखीतलीच. पहिलं कलम त्यांनी ठरवूनच आणलं होतं: रोज पाणी देऊ, पाणीपट्टी वाढवणार नाही. मी विचारलं, पंपांचं वीजबिल कोण भरणार? नव्या जलवाहिनीत पालिकेचा हिस्सा कुठून येणार? शिवाय चतुर्थ वार्षिक कर आकारणी, म्हणजे दर चार वर्षांनी घरपट्टी नव्याने ठरते ती, तोंडावर आलीय, घरपट्टी वाढणारच. म्हणून शेवटी मी एक पान जोडलं, ‘पैसा कुठून येईल’. घरपट्टी किती वाढू शकते, मोठ्या थकबाकीदारांकडून आधी वसुली कशी करू, सगळं साध्या भाषेत. जाहीरनामा छापून आला तेव्हा नेमकं तेच पान नव्हतं. विचारलं तर म्हणाले, “सर, कराचं मतदानानंतर बघू.”

मला हे फार लागलंय रे. ती माणसं खोटारडी नाहीत. त्यांना आकडे पटले होते, माझ्यासमोर माना डोलावल्या होत्या. लोकांना सांगायचं मात्र त्यांनी टाळलं.

2019 चं आपलं भांडण आठवतं? काँग्रेसने कबूल केलेली न्याय योजना, गरीब कुटुंबाला वर्षाला 72,000 रुपये, अशी 5 कोटी कुटुंबं. मी वश्याच्या गॅलरीत 3.6 लाख कोटींचा हिशेब मांडला आणि तू भडकलास, “गरिबाला द्यायचं म्हटलं की तुला बरा हिशेब सुचतो!” पुढे काँग्रेसचेच सॅम पित्रोदा म्हणाले, मध्यमवर्गाने स्वार्थी होऊ नये, मग राहुल गांधींना सांगावं लागलं की प्राप्तिकर वाढणार नाही. माझा द्यायला विरोध तेव्हाही नव्हता, आजही नाही. कोणाकडून घेणार ते आधी सांगा, एवढंच माझं म्हणणं होतं.

आणि दुसऱ्या बाजूलाही मी सोडत नाही. 2024 च्या विधानसभेला महायुतीने लाडक्या बहिणींना 1,500 चे 2,100 करू म्हटलं, आघाडीने थेट 3,000. नुसत्या 600 रुपयांच्या वाढीचा, सव्वादोन कोटी बहिणी धरून, वर्षाचा हिशेब कर: 16,200 कोटी. मतदानाआधी मुंबईच्या वेशीवरचा छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला, ते गावभर गाजलं. मग मार्च 2025 चा अर्थसंकल्प आला. 2,100 नाहीतच, महसुली तूट 45,000 कोटींच्या वर, आणि खाजगी सीएनजी गाड्यांवर 1 टक्का जादा कर. (तू घेणार होतास ना? घे आता, बहिणींना तुझीही ओवाळणी.) जूनमध्ये विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क चढलं, त्याबद्दल वश्याशी बोल, तो अजून सावरलेला नाही. प्रचारात यातलं अक्षर मी कोणाकडून ऐकलं नाही. 3,000 वाल्यांनीही कुठला कर वाढवू ते सांगितलेलं मला आठवत नाही.

निवडणूक आयोगाने तर हे मागितलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर आचारसंहितेत जाहीरनाम्याचा भाग आला: आश्वासनासाठी पैसा कसा उभारणार ते ढोबळमानाने सांगा. 2022 मध्ये आयोगाने त्यासाठी ठरावीक तक्त्याचा प्रस्तावही पक्षांना पाठवला. पण आचारसंहितेला कायद्याचं बळ नाही, त्यामुळे तक्ता भरला काय, न भरला काय. पुढे घरपट्टीचं बिल हातात पडतं तेव्हा माणूस पालिकेच्या खिडकीवरच्या कारकुनाशी भांडतो. त्या बिचाऱ्याने कुठलं आश्वासन दिलेलं नसतं. ज्यांनी दिलं ते तोवर सभागृहात.

सईच्या लग्नाचं कळलं, फार बरं वाटलं. वहिनींना नमस्कार. प्लॉटचं मिटलं का ते कळव.

ते पान सोबत पाठवतोय. तुझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, तेव्हा पंपांच्या विजेचा आकडा तूच तपास. लाल पेन घे, माझी भीड ठेवू नकोस. दुरुस्त होऊन आलं की माझ्या खर्चाने छापून वॉर्डातल्या घराघरांत वाटणार आहे. निवडून आलेले आणि पडलेले, दोघांनाही आधी एकेक प्रत देईन. आकारणीच्या नोटिसा निघायच्या आत मला ते हवंय, म्हणून लवकर पाठव.

तुझा,
अन्या