रात्रीच्या थरांवर समोरून फ्लॅश नको

महोदय,

दहीहंडीच्या दिवशी ‘फ्लॅश मारू नका’ असे व्यासपीठावरून ओरडून सांगितले जाते आणि कोणी ऐकत नाही. कारण सूचनाच अर्धवट आहे. फ्लॅश कुठून, किती ताकदीने आणि कोणत्या क्षणी पेटतो, यावर सगळे अवलंबून असते. मुंबई-ठाण्यात बऱ्याच हंड्या अंधार पडल्यावरच फुटतात, तेव्हा मंडळांनी आणि छायाचित्रकारांनी हे आधीच बोलून घ्यावे.

खरा धोका वरच्या एक्क्याला, म्हणजे सगळ्यात वर एकटा चढणाऱ्या गोविंदाला. खालच्या थरांतले गोविंदा माना खाली घालून, हात गुंफून उभे असतात. वरचा मात्र हंडीवर नजर लावून सरळ होत असतो आणि समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतला कॅमेरा नेमका त्याच्या डोळ्यांच्या रेषेत येतो. तोल सांभाळायला तळपायाइतकेच डोळेही लागतात. फ्लॅशनंतर काही सेकंद डोळ्यांपुढे जो डाग तरळतो, तेवढ्या वेळात थर ढासळू शकतो. शिवाय टीटीएलवर (कॅमेरा स्वतःच फ्लॅशची ताकद ठरवतो ती पद्धत) मुख्य झोताआधी एक छोटा झोत पडतो, ‘रेड-आय’ (डोळे लाल दिसू नयेत म्हणूनची सोय) चालू असेल तर आणखी काही. म्हणून फ्लॅश मॅन्युअलवर ठेवावा. रेड-आय आणि फोकसला मदत करणारा दिवा दोन्ही बंद. मोबाइलचा फ्लॅश तीस फुटांवर पोहोचतच नाही, पुढच्या माणसाचे डोके तेवढे उजळते.

समोरचा फ्लॅश छायाचित्रही बिघडवतो. थरांवर पाण्याचे फवारे चालू असतात. लेन्सजवळच्या थेंबांवर झोत पडला की फोटोभर पांढऱ्या टिकल्या उमटतात आणि गोविंदा त्यांच्यामागे हरवतो. हाच फ्लॅश गोविंदाच्या पाठीमागच्या बाजूने, तिरका ठेवून रेडिओ ट्रिगरने (दुरून, बिनतारी) पेटवला तर प्रत्येक थेंब चमकतो, खांद्यांना प्रकाशाची कड येते आणि डोळ्यांत काही जात नाही. मात्र पथक कोणत्या बाजूला तोंड करून चढणार, हे थर लागण्यापूर्वी विचारून घ्यावे. दर पथकागणिक ते बदलू शकते.

ताकद किती? गाइड नंबर ४० (मीटर, आयएसओ १००) असलेला साधा फ्लॅश घ्या. हा नंबर म्हणजे फ्लॅशची ताकद; त्याला अंतराने भागले की लेन्सचा एफ-आकडा मिळतो. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता. आयएसओ १६०० केल्यावर तो नंबर चौपट होतो, ताकद १/१६ केल्यावर चौथाई. म्हणजे पुन्हा ४०. दहा मीटरवर एफ/४ मिळाले. इतक्या कमी ताकदीवर झोत साधारण १/५००० सेकंद किंवा त्याहून कमी टिकतो, त्यामुळे फुटलेल्या हंडीतले दही हवेतच थिजते. पूर्ण ताकदीवर झोत लांबतो आणि पुढच्या झोतासाठी दोन-तीन सेकंद थांबावे लागते. तोवर हंडी फुटून संपलेली असते. शटर १/२०० किंवा १/२५० ठेवावे. हायस्पीड सिंकच्या (याहून वेगवान शटरवर फ्लॅश वापरण्याच्या सोयीच्या) मोहात पडू नये, त्यात प्रकाश तुकड्यातुकड्यांत विखुरतो आणि ताकद निम्म्याहून कमी उरते. हॅलोजनचा उजेड फ्लॅशपेक्षा दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) तरी कमी धरला नाही, तर हलत्या हाताशेजारी त्याचेच धूसर भूत उमटते. हॅलोजन पिवळे असतील तर फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावावे. पांढरे एलईडी असतील तर गरज नाही.

फ्लॅश गॅलरीच्या कठड्याला क्लॅम्पने आवळून वर तारेचा फासही हवा. हंडीचा दोर, क्रेन किंवा गर्दीच्या थेट डोक्यावरची जागा, तिथे तो बांधूच नये. आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट असतात, म्हणून भिजलेला फ्लॅश सुरू करून पाहू नये आणि उघडू तर मुळीच नये. पावसासाठी प्लास्टिकची पिशवी चालेल, पण तिचे तोंड खालून मोकळे ठेवावे, नाहीतर फ्लॅशचे डोके तापून पुढची काच काळवंडते.

कल्पकतेला खरा वाव जमिनीवर आहे. ढोल-ताशाच्या पथकासमोर शटर १/१५, फ्लॅश ‘रिअर कर्टन’वर, म्हणजे शटर बंद होण्याच्या क्षणी पेटणारा. टिपरूच्या हालचालीची रेघ आधी उमटते आणि शेवटी झोत पडून हात स्पष्ट येतो. साध्या सिंकवर, म्हणजे फ्लॅश सुरुवातीलाच पेटला तर, रेघ हाताच्या पुढे पडते आणि वादक उलटा हात चालवतोय असे वाटते. इथेही फ्लॅश बाजूला धरावा.

थर चढू लागल्यापासून हंडी फुटेपर्यंत समोरचे सगळे फ्लॅश बंद, एवढा नियम मंडळांनी प्रवेशिकेवरच छापावा. फुटल्यानंतरही शेवटचा गोविंदा उतरेपर्यंत तो लागू राहावा.

आणि एक विनंती आपल्याच छायाचित्र विभागाला. वृत्तपत्राच्या कागदावर सावल्या भरून येतात, म्हणून ‘चेहरा उजळ हवा’ असा आग्रह धरला जातो आणि छायाचित्रकार नाइलाजाने समोरून फ्लॅश मारतो. आयएसओ ३२००, एफ/२.८, १/३२० वर रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) टिपलेल्या चेहऱ्याच्या सावल्या संगणकावर दीड स्टॉप सहज उचलता येतात. थोडा रवा (दाणेदारपणा) दिसेल, तो चालवून घ्यावा.

— एक वृत्तछायाचित्रकार, ठाणे