मुक्ताला, विषय ठरवण्याआधी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "उतरलेलं वजन बहुतेकांचं पुन्हा वाढतं, हे ठाऊक असूनही तू तीस वर्षं याच विषयात कशी राहिलीस?" पीएचडीला तूही हाच विषय घ्यायचं म्हणतेस, म्हणून घाईत काहीतरी बोलण्यापेक्षा लिहायला बसले.

सुरुवातीला माझा सगळा भरवसा सवयींवर होता. सवय लागते, तशी मोडताही येते. काय खाल्लं, केव्हा, कुठल्या मनःस्थितीत, ते रोज वहीत लिहायचं. मोह होईल ते नजरेआड ठेवायचं. झेपतील अशी उद्दिष्टं घ्यायची. १९६७ साली रिचर्ड स्टुअर्ट यांनी ही पद्धत मोजक्या रुग्णांवर वर्षभर वापरून दाखवली आणि पुढचे बरेच संशोधक त्याच वाटेने गेले. पद्धत खोटी नव्हती. वीस आठवड्यांच्या गटात वजन खरोखर उतरायचं. सत्रं थांबली की हळूहळू चढू लागायचं, आणि आम्ही फॉर्मवर लिहायचो, "सूचना पाळल्या नाहीत."

माझ्या एका गटात एक बाई होत्या. एकही सत्र त्यांनी चुकवलं नाही. वर्षाने तपासणीला बोलावलं तर येईनात. तीन-चार फोन केल्यावर आल्या, वजनकाट्याजवळ थबकल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती." पर्समधून वही काढली. एका दिवसाचीही नोंद चुकलेली नव्हती. "सगळं तसंच करतेय हो. पण जेवून उठले तरी भूक लागलेलीच असते. पूर्वी असं नव्हतं."

तेव्हा मला १९९२ चा एक छोटा अभ्यास पाठ होता. 'कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही' म्हणणाऱ्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघालं होतं. त्या आधारावर मी त्यांची वही बाजूला सारली आणि तोच शेरा मारला. भुकेसाठी आमच्या फॉर्मवर रकानाच नव्हता.

मुक्ता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

२०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांचा लेख आला. ५० जणांना दहा आठवडे अत्यंत कमी कॅलरींचा आहार दिला होता. वर्ष उलटल्यावरही भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) चढलेलं होतं, तृप्तीचा निरोप नेणारं लेप्टिन हे संप्रेरक उतरलेलं होतं, आणि लोक सांगत होते की भूक वाढली आहे. त्या बाईंचं वाक्य जसंच्या तसं कानात वाजलं. खरं तर मी या क्षेत्रात यायच्या आधीच, १९८६ मध्ये, डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांच्या अभ्यासात मोठेपणीची अंगकाठी जन्मदात्यांशी जुळत होती, वाढवणाऱ्यांशी नाही. तो लेख मी विद्यार्थ्यांना शिकवत होते, आणि तरी काट्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहताना तो मला आठवत नव्हता.

मग वर्तनबदलाचा उपयोग काय, असं तू विचारशील. उपयोग आहे, आणि तो मोजलेला आहे. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या चाचणीत ३,२३४ जण होते. सात टक्के वजन घटवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढंच उद्दिष्ट. २००२ चा निकाल असा की, जीवनशैली बदलणाऱ्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. पण त्याच्या शेजारी 'लुक अहेड' ठेवून वाच. मधुमेह असलेल्या ५,१४५ जणांवरची, जीवनशैली बदलाचीच ती चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. झोपेतला श्वासरोध, हालचाल, नैराश्य, यांत मात्र फरक पडला होता. तुझ्या प्रबंधात दोन्ही निकाल सारख्याच ठळकपणे आले पाहिजेत, हा माझा आग्रह आहे.

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांनी आपलं काम संपलं, असं तुझे मित्र म्हणतात ना? त्यांतल्याच सेमाग्लुटाइड या औषधाने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं. औषध बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे आमच्या वीस आठवड्यांनंतर जे व्हायचं, तेच. मायकेल पेरी यांनी १९८० च्या दशकातच दाखवलं होतं की गटाशी संपर्क लांबवला तर उतरलेलं वजन अधिक टिकतं. उपचार थांबल्यावर माणसाच्या सोबत कोण असतं आणि किती काळ, हा प्रश्न मला तेव्हा घ्यायला हवा होता. तू घेणार असशील तर मला फार आनंद होईल.

विषय नोंदवण्याआधी एक कर. एखाद्या गटात पहिल्या सत्रापासून शेवटच्या सत्रापर्यंत मागे बसून राहा, आणि जे यायचे बंद होतात त्यांना स्वतः फोन कर. वजन विचारू नकोस, भूक कशी आहे ते विचार.

त्या बाईंचा फॉर्म नियमाप्रमाणे केव्हाच नष्ट झाला. माझ्या नंतरच्या सगळ्या फॉर्मांवर भुकेचा रकाना आहे. त्या कोऱ्या प्रती फाइलमध्ये लावून ठेवल्या आहेत, आलीस की घेऊन जा.

तुझी,
आई