आधी मार्क वाच

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. रूममेटने विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन लोक नक्की काय मानता?" आणि तू नाताळ, चर्च, प्रार्थना असं काहीबाही सांगून वेळ मारून नेलीस. आता म्हणतेस, मुळापासून सांगणारं एखादं छोटं पुस्तक पाठव. तसली पुस्तकं आपल्या कपाटात आहेत, पण मी ती पाठवणार नाही. त्यांत प्रश्न आणि उत्तरं असतात. तुला उत्तरं संडेस्कूलपासून पाठ आहेत, तरी मैत्रिणीसमोर एकही उपयोगी पडलं नाही.

दर रविवारी उभं राहून आपण प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते थोडक्यात, म्हणतो ना, तो एकदा सावकाश म्हणून बघ. येशू कुमारी मरीयेपासून जन्मला, आणि लगेच पुढे रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या अमलात दुःख भोगले. मधली सगळी वर्षं कुठे गेली? त्याने कोणाला हात लावला, कोणाच्या घरी जेवला, कोणावर चिडला, यातलं अवाक्षर नाही. मतांगीकार चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, तो हवाच. पण ज्याच्याविषयी आपण हे सगळं मानतो, तो माणूस त्यातून भेटत नाही. तो शुभवर्तमानांत, म्हणजे नव्या करारातल्या त्याच्या चार चरित्रांत, भेटतो.

म्हणून मार्कपासून सुरू कर. चारांतलं सगळ्यात लहान, सोळा अध्याय. जन्मकथा नाही, वंशावळ नाही, पहिल्याच अध्यायात थेट "देवाचे राज्य जवळ आले आहे, पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा." खारघरहून ऐरोलीला जाताना बसायला जागा मिळाली तर एका फेरीत तीन-चार अध्याय सहज होतील. एकेक वचन निवडून रंगीत रेघा मारत बसू नकोस. गोष्ट वाचतात तसं वाच.

दुसऱ्या अध्यायात मात्र थांब. पक्षाघाती माणसाला चौघे जण छप्पर उघडून खाली सोडतात. इतकी वर्षं वॉर्डात काढल्यामुळे माझं लक्ष आधी त्या चौघांकडेच जातं. अंगात हालचाल नसलेला माणूस किती जड होतो हे उचलणाऱ्यालाच कळतं. एकाची पकड सुटली की चौघांचा तोल जातो. आणि इतकं करून त्यांनी त्याला येशूपुढे ठेवलं, तर येशू म्हणतो काय? "मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे." पायांचं नावच नाही! मी त्या चौघांत असते तर वरून ओरडले असते. तिथे बसलेले यहुदी शास्त्री मनात म्हणतात, देवावाचून पापांची क्षमा करणारा हा कोण? खरं तर त्यांचा प्रश्न बरोबर आहे, आणि मार्कला तोच आपल्याला विचारायचा आहे. पाप म्हणजे काय, क्षमा कोणाच्या हातात, येशू कोण, हे तुझ्या त्या छोट्या पुस्तकातले तीन धडे इथे एका खोलीत, अंगावर माती पडत असताना समोर येतात. मग तो माणूस बाज उचलून चालत जातो, ते वेगळंच.

आठव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. बरोबर उत्तर. आणि लगेच, येशू दुःख सोसण्याविषयी बोलू लागताच, तोच पेत्र त्याला अडवायला जातो आणि सैतान म्हणवून घेतो. हे वाचलं की मला धीर येतो. नवव्यात एका आजारी मुलाचा बाप आहे: माझा विश्वास आहे म्हणतो आणि त्याच श्वासात, माझा अविश्वास घालवून टाका, अशी विनवणी करतो. येशू त्याला परत पाठवत नाही. "आई, मला खात्री वाटत नाही" असं तू मागे म्हणाली होतीस, तेव्हा मला हाच बाप आठवला.

ट्रेनमध्ये काय डोक्यात शिरणार, असं म्हणू नकोस. नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार पडला तो रेल्वेच्या डब्यातच, राजनांदगावला जाताना. एका गोऱ्या सहप्रवाशाने दिला आणि वाचा म्हणाला. मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले ते अडकलेच. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. पंडिता रमाबाईंचं उलटं. बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला, पण पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आठेक वर्षं गेली. त्याच रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना समजेल असं मराठी बायबल तयार करण्यात घालवली. तेव्हा तू मागे पडली आहेस वगैरे मनात आणू नकोस.

आता जरा भांडण. आपल्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी फुलांच्या चित्रावर जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याचं वचन, 29:11, येतं: "ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत." मग खाली प्रमोशन, व्हिसा, लग्न सगळ्यासाठी आमेन. वचन खरंच आहे. पण तो अध्याय म्हणजे मुख्यतः बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं पत्र आहे. इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमहून त्यांना नेलं. हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता, दोन वर्षांत सगळं सुरळीत होईल. यिर्मया म्हणाला सत्तर! म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण तिथेच मरणार. तोवर काय करायचं? घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा. हा भाग फुलांच्या चित्रावर कोणी टाकत नाही. खारघरला भाड्याच्या खोलीत राहून "हे काही आपलं गाव नाही" म्हणणाऱ्या मुलीने तो जरूर वाचावा.

आणि रूममेटला अगदी थोडक्यात सांगायचंच असेल तर 1 करिंथ 15, म्हणजे प्रेषित पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातली पहिली आठ वचनं दाखव. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, आणि दिसला: केफाला (म्हणजे पेत्रालाच), बारा जणांना, पाचशेहून अधिक बंधूंना. हे मी शोधून काढलेलं नाही, मलाही सांगितलं गेलं तेच तुम्हांला सांगितलं, असं पौल म्हणतो. ती हसली किंवा वाद घालू लागली तर घालू दे. वाद घालणारी माणसं निदान ऐकत असतात.

मार्कच्या सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशी आलीस की मला फोन कर. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत मार्क तिथेच संपतो, बायका येशूच्या कबरीपासून भिऊन पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, इथे. पुनरुत्थानाच्या बातमीचा असा शेवट कोण करतं? तुझ्या बाबांचं आणि माझं यावर एकमत नाही, तुझं काय ते ऐकायचंय.

रविवारच्या उपासनेला ठाण्याला येणार असलीस तर शनिवारी दुपारपर्यंत कळव, म्हणजे मटण किती आणायचं ते ठरवता येईल. रूममेटलाही घेऊन ये. ती खात नसेल तर तेही आधीच सांग.

तुझी,
आई